शकणे आणि शिकणे: मधली वेलांटी

खानापूर तालुक्यातल्या, बी.एड.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका ताईंनी विचारलं आहे: "कॉलेजात कन्नड-इंग्रजीतून शिकवतात. मला मराठीतून समजून घ्यायचं असतं, म्हणून हिंदी व्हिडिओ बघून मराठीत टिपणं काढते. हिंदीत विषयाचं नाव 'शिक्षा मनोविज्ञान' आणि पनिशमेंटला 'दंड'. मराठीत काय लिहू? आणि 'नकारात्मक प्रबलन म्हणजेच शिक्षा' असं एका गाइडात आहे, ते बरोबर का?" (प्रबलन म्हणजे इंग्रजीतलं रीइन्फोर्समेंट, वर्तन पक्कं करणारी गोष्ट.)

ताई, पनिशमेंटला 'शिक्षा'च लिहा. मराठीत दंड म्हणजे पावती फाडून भरायचे पैसे. विषयाचं नाव मात्र 'शैक्षणिक मानसशास्त्र'. 'शिक्षा मानसशास्त्र' हे मराठी नव्हे, आणि ते कानावर आलं की मला राहवत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिक्षक पात्रता परीक्षेच्या क्लासचा फलक लागलाय, त्यावर हेच. शेजारचा चौथीतला पोरगा तो मोठ्याने वाचून मला म्हणाला, "आजोबा, हेच्यात पोरांना शिक्षा कशी करायची ते शिकवतात काय?" त्याचं मराठी फलक रंगवून घेणाऱ्यापेक्षा पक्कं आहे.

या बाबतीत आपले कन्नड शेजारी जास्त जागरूक निघाले. कन्नडातही 'शिक्षे' म्हणजे शिक्षाच. म्हणून २००१ साली 'सर्व शिक्षा अभियान' आलं, तेव्हा कर्नाटकाने त्याचं 'सर्व शिक्षण अभियान' केलं. २०१८ ची 'समग्र शिक्षा' योजनाही इथे 'समग्र शिक्षण कर्नाटक' झाली. आणि चंदगडकडे गेलं की मराठी शाळेच्या भिंतीवर 'सर्व शिक्षा अभियान'! सर्वांना शिक्षा करायची मोहीम, असा त्याचा सरळ मराठी अर्थ होतो हे महाराष्ट्रात कुणाला खटकलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता खरी गंमत. गाइडांच्या पहिल्या पानावर लॅटिनचं पाठांतर असतं: एज्युकेशन हा शब्द 'एडुकेरे'पासून, म्हणजे मुलाच्या आतलं बाहेर काढणे. ऐकायला गोड, पण तो शब्द 'एडुकारे'पासून, म्हणजे वाढवणे, संगोपन करणे यापासून आला आहे. 'एडुकेरे'पासून आला असता तर इंग्रजांनी एज्युकेशन नव्हे, 'इडक्शन' म्हटलं असतं. एवढं लॅटिन घोकून घेतात आणि आपल्या 'शिकणे'ला एक ओळ: 'शिक्ष् म्हणजे शिकणे'. हे पाणी म्हणजे जल सांगितल्यासारखं झालं. धातुपाठातही, म्हणजे पाणिनीच्या परंपरेतल्या संस्कृत धातूंच्या यादीतही, 'शिक्ष विद्योपादाने' (विद्या घेणे) असा वेगळा धातू दिलेला आहे, तिथेच सगळे थांबतात.

पण पाणिनीचंच सातव्या अध्यायातलं सूत्र बघा (७.४.५४). 'शक्' धातूला इच्छा दाखवणारा 'सन्' प्रत्यय लागला की 'शिक्ष्' होतं, याची सोय त्यात आहे. त्याच सूत्राने 'लभ्'पासून 'लिप्सा' होते, मिळवायची इच्छा. 'ज्ञा'ची जिज्ञासा, 'पा'ची पिपासा, 'श्रु'ची शुश्रूषा (मूळ अर्थ ऐकायची इच्छा), ही सगळी याच कुळातली. म्हणजे 'शिक्ष्' म्हणजे शकायची इच्छा. प्राकृतातल्या 'सिक्ख'वरून आपल्याकडे 'शिकणे' आलं, आणि 'शक्'पासून थेट 'शकणे'. दोन्ही सख्खे. मधे फक्त एक वेलांटी आहे, आणि ती वेलांटी म्हणजे इच्छा! "मला पोहता येत नाही, पण येऊ शकावं असं वाटतं" असं पोराला वाटलं, तिथे शिकणं सुरू झालं.

'शिक्षण' हे 'शास्'पासून आलं असं ठणकावणारे प्राध्यापक मला भेटले आहेत. नाही. 'शास्'पासून शासन, शास्त्र, शिष्य, शिष्ट. 'शिक्ष्'मधला 'क्ष' 'शक्'च्या 'क्'पासून आला, आणि तो 'क्' 'शास्'मध्ये नाही.

याचा सगळ्यात सुंदर दाखला ऋग्वेदात आहे, बेडकांच्या सूक्तात (७.१०३.५). पहिल्या पावसानंतर एक बेडूक दुसऱ्याचं बोलणं म्हणतो, कसं? 'शाक्तस्येव वदति शिक्षमाणः', शाक्ताचं बोलणं शिक्षमाण म्हणतो तसं. शाक्त म्हणजे ज्याला येतं तो, गुरू. शिक्षमाण म्हणजे ज्याला यावंसं वाटतं तो. गुरू आणि विद्यार्थी दोघे एकाच 'शक्'चे! तुम्ही खानापूरच्या, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. जूनच्या रात्री भाताच्या खाचरात एक डरांव करतो, क्षणभर थांबून बांधापलीकडचा तेच म्हणतो, मग सगळं शिवार. पहिलीचा वर्ग पाढे म्हणताना हुबेहूब असाच असतो.

माझं मत असं की मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकचा सज्जतेचा नियम या धातूत आधीच बसलेला आहे: मन तयार असेल तर शिकणं समाधान देतं. दुसरा मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की, त्याचं 'समीप विकास क्षेत्र' शिकवतानाही मी हाच शब्द फळ्यावर लिहीन. मुलाला एकट्याने अजून जमत नाही, जाणत्याच्या मदतीने जमतं, तो पट्टा म्हणजे शाक्त आणि शिक्षमाण यांच्यामधली जागा. कुणी याला ओढाताण म्हणेल. म्हणू दे, मला ती ओढाताण वाटत नाही.

तसंच शिक, शिकव. कन्नडात कलि, कलिसु. संस्कृतात अध्ययन, अध्यापन. तिन्हीकडे शिकवणं हे शिकण्याचं प्रयोजक रूप आहे, म्हणजे करणारं मूल, करवणारा शिक्षक. (मराठी 'कळणे' कन्नड 'कलि'वरून आलं असं इथे मला बऱ्याचदा ऐकवतात. ते 'कलयति'वरून आलं. फल-फळ, काल-काळ, तसाच इथला ळ.)

मग 'शिक्षा' या शब्दाला मार कसा चिकटला? 'तुला चांगला धडा शिकवीन' म्हणताना आपण धडा कुठला शिकवतो? कन्नडातलं 'पाठ कलिसु'ही तसंच. माझ्या मते शिक्षेच्या अर्थाला 'शासन'ची सावलीही पडली, कारण त्यात शिकवणं आणि दंडणं दोन्ही होतंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली. शब्दांची ही फारकत कायद्यानेच पुरी केली म्हणायची.

राहिलं तुमचं प्रबलन. गाइड साफ चुकलंय. प्रबलन कुठलंही असो, वर्तन वाढतं. शिक्षेने ते कमी व्हावं अशी अपेक्षा असते. "शुद्धलेखन बिनचूक आलं तर आजचा गृहपाठ माफ" म्हटलं, नकोशी गोष्ट काढून घेतली आणि पोरं लक्ष देऊन लिहायला लागली, तर ते मानसशास्त्रज्ञ स्किनरचं ऋण प्रबलन, म्हणजे तुमच्या गाइडातलं 'नकारात्मक प्रबलन'. "चुकलं, दहा वेळा लिहून आण" ही शिक्षा, आणि तिच्यामुळे पोरगं चूक सोडत नाही, लिहिणंच सोडतं. घोळ 'नकारात्मक' या शब्दाने घातलाय. तो ऐकला की वाईट काहीतरी वाटतं. गणितातल्या धन-ऋणसारखा हा नुसता वजाबाकीचा ऋण आहे. टिपणात 'ऋण प्रबलन' लिहा. कन्नड पुस्तकात 'ऋणात्मक पुनर्बलन' आलं की लगेच ओळखाल.