सकाळपासून राबलेल्यांचं दुखणं

“मी पंचवीस वर्षं आईचं केलं. यानं तीन महिने प्रार्थना केली. आन् पाळक म्हणतात, तो प्रभूच्या कुशीत गेला. मग माझं काय?”

जालन्यात माझ्याकडे आलेल्या एका ताईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) भाऊ आयुष्यभर दारूत. लिव्हर गेलं तेव्हा घरी परतला, पश्चात्ताप केला, प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा चर्चमधला विधी) घेतलं आणि गेला. दफनविधीनंतर ताईंनी उपासनेला जाणंच सोडलं. असा राग इमानानं चालणाऱ्यांनाच येतो, आणि बरेच जण तो पाप समजून गिळून टाकतात.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा, त्यांना पाठ होता. पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला लावलेले मजूर. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दिनार. “त्योच तर टोचतो,” त्या म्हणाल्या.

हा दाखला कुणाचं तोंड बंद करायला वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, असं बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा २४ वा अध्याय बजावतो. दाखल्यातला मालकही पहाटेच्या मजुरांचा ठरलेला रोज पुरता देतो. कष्टाची किंमत तो कमी करत नाही.

ताईंचे वडील रोजंदारीवर जायचे. म्हणून विचारलं, “पाचाला मजुरांच्या अड्ड्यावर कोण उरतं?”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग सांगू लागल्या. एकदा बाबांना कुणीच कामाला नेलं नाही. भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं. शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून ते अंधार पडेस्तोवर गावाबाहेर बसून राहिले. दिनार म्हणजे एका दिवसाचा रोज, घराची त्या दिवसाची भाकर. तासाभराच्या मजुरीत चार पोटं भरत नाहीत.

“त्या दिवशी बाबाला पाचाला जरी कुणी नेलं असतं...” एवढं बोलून त्या थांबल्या.

पण खरं दुखणं पुढच्या भेटीत बाहेर आलं. अंथरुणावरची आई शेवटपर्यंत “पोरगा आला का?” हेच विचारत होती. ताईंना कुणी कधी “बाई, लय केलंस” म्हटलंच नव्हतं. मी लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय उघडला. त्यात घर सोडून सगळं उधळलेला धाकटा मुलगा परत येतो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी घालतो. धाकट्याच्या मेजवानीपाशी आपण वाचन थांबवतो. पुढे घरीच राहून राबलेला थोरला रुसून दाराबाहेर उभा आहे. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो, त्याला ‘बाळा’ म्हणतो, जे माझं ते तुझंच आहे, असं सांगतो.

“बाप भाईर आला व्हय त्याच्यासाठी?”

“आला.”

राग गेला नव्हता. जावा अशी घाई मलाही नव्हती. तिसऱ्या भेटीला त्या आईच्या औषधांची वही घेऊन आल्या. तारखा, गोळ्या, रात्रीचा ताप, सगळं त्यांच्याच अक्षरात. आम्ही दोघींनी ती पहिल्या पानापासून वाचली.