गोव्यात मालगाड्या आणि थंड कंटेनर पाहायला कुठे उभं राहावं?

तुम्ही विचारलंय की सुट्टीत मुलाला गोव्यातल्या मालगाड्या दाखवायच्या आहेत, आणि त्याला मासळी-भाजी नेणारे थंड डबेही ओळखायचे आहेत. ही दोन वेगळ्या लायनींवरची कामं आहेत.

मालगाडीसाठी कुळ्याला जा. वास्कोहून मडगाव, चांदर, सावर्डे करत आलेली जुनी लाईन इथून घाट चढते. कॅसलरॉकपर्यंत चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मुरगाव बंदरातून कोळसा भरून आलेल्या गाडीला हा चढ पुढच्या इंजिनांनी झेपत नाही, म्हणून कुळ्यात मागे आणखी इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. निघताना पुढून शिट्टी येते, मागून उत्तर जातं, आणि मग कपलिंगचा खडखडाट डब्याडब्यातून सरकत जातो. पावसाळ्यात मी हा आवाज कितीदा ऐकलाय, अजून छातीत धडधडतं. पण कोळशाच्या गाडीचं नुसतं कौतुक मला करवत नाही. कोळशाची वाहतूक वाढेल म्हणून या लाईनच्या दुपदरीकरणाविरुद्ध (दुसरा रूळमार्ग टाकण्याविरुद्ध) २०२० च्या नोव्हेंबरात चांदरच्या लोकांनी फाटकापाशी अख्खी रात्र जागून काढली होती. मुलाला तेही सांगा.

आता थंड डबे. इथे बहुतेक जण चुकतात, कारण ते गार वॅगन शोधत बसतात. कंटेनरच्या गाडीत वॅगन म्हणजे नुसती सपाट पाटी, थंडावा वर ठेवलेल्या कंटेनरचा. असा कंटेनर बहुधा पांढरा असतो. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला पंख्याच्या जाळीचं यंत्र. अंगावरच्या नंबराजवळ चार अक्षरांचा छोटा कोड असतो. चाळीस फुटी उंच साध्या कंटेनरवर ‘४५जी१’, तर थंडवर ‘४५आर१’ (गाडीवर अर्थात रोमन लिपीत). यंत्राला वीज जनरेटरची लागते, त्यामुळे गाडी उभी असली तरी भरलेल्या कंटेनरांजवळ घरघर चालू राहते. रिकामा परत चाललेला मात्र गप्प असतो, तेव्हा त्या ‘आर’वरच भरवसा ठेवा.

कंटेनर कोकण रेल्वेवर शोधा. बाळ्ळीला कंटेनर डेपो आहे. वेर्ण्याला जमलं तर रो-रोही पाहा. रो-रो म्हणजे भरलेले ट्रकच वॅगनवर चढवून नेणारी गाडी. ती १९९९ पासून कोलाड–वेर्णा अशी धावते, ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्येच बसून येतात. मुलाला ती सगळ्यात जास्त आवडेल, बघा.

प्लॅटफॉर्म तिकीट काढा आणि प्लॅटफॉर्मवरच थांबा. दूधसागरच्या बाजूला रुळांवरून चालत जाऊ नका. तो गुन्हा आहे, आणि घाटातल्या वळणावर गाडी अगदी जवळ आल्यावरच दिसते.

मालगाडीची वेळ आधी कळत नाही, तेव्हा हाताशी अर्धा दिवस ठेवा. कुळ्यात बँकर लागेपर्यंत मुलाला वॅगनवरचा अकरा आकडी नंबर वाचायला लावा. पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष. त्याच्या जन्माच्या वर्षाचा वॅगन सापडतो का पाहा.