कॉर्न स्नेक उंदराला तोंड लावत नाही

वाचकांचे प्रश्न : घरातले प्राणी

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने हट्टाने पाळलेला कॉर्न स्नेक आता सव्वा वर्षाचा झाला आहे. दर आठवड्याला गोठवलेला छोटा उंदीर तो बिनतक्रार गिळत असे. परंतु ऑक्टोबरच्या अखेरीपासून, म्हणजे गेले पाच आठवडे, त्याच्या पोटात काहीही गेलेले नाही. त्याच सुमारास आम्ही त्याला चार फुटी काचेच्या पेटीत हलवले होते. मुलगा दर दुसऱ्या दिवशी उंदीर वितळवून त्याच्या तोंडासमोर धरतो, साप मान मागे घेतो आणि मुलगा रडवेला होतो. सप्टेंबरात सापाचे वजन 110 ग्रॅम होते, काल 106 भरले. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई वाटीत दूध ठेवा म्हणतात, तर मुलाने सापाचे तोंड उघडून उंदीर आत ढकलण्याचा व्हिडिओ पाहिला आहे. आमचे घर शाकाहारी. फ्रीझरमध्ये उंदीर ठेवायला मन तयार करणे हेच अवघड गेले होते, आता तेही फुकट जात आहेत. काय करावे?
— एक आई, रेडिंग

उत्तर : तुम्ही वजनाचे दोन आकडे लिहिलेत, हे फार बरे केलेत, कारण ‘साप जेवत नाही’ एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. सप्टेंबरापासून 4 ग्रॅम म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी घट झाली आहे, आणि या वयाचा धडधाकट कॉर्न स्नेक एवढा उपवास सहज सोसतो. सुमारे दहा टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत 99 ग्रॅमच्या आसपास काटा आला, तर मात्र पशुवैद्याकडे जाण्याची वेळ आली असे समजावे. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, झाकणाच्या डब्यात घालून करावे आणि वहीत लिहून ठेवावे. त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वेगळा काटा घ्यावा. पोळ्यांची कणीक मोजतो तो नको.

पहिली गोष्ट ही की दर दुसऱ्या दिवशी उंदीर दाखवणे आजपासून थांबवावे. मुलाची माया समजण्यासारखी आहे, पण सापाच्या बाजूने पाहिले तर दर दोन दिवसांनी झाकण उघडते, वरून हात येतो आणि कोणीतरी चिमट्याने काहीतरी तोंडावर आणते. घारी-ससाण्यांपासून जीव वाचवत वाढणाऱ्या या जातीला वरून येणारी सावली म्हणजे संकटच वाटते. पुढचे दहा दिवस उंदीर दाखवू नये, सापाला हातात घेऊ नये. पाणी बदलणे आणि विष्ठा उचलणे एवढ्यापुरतीच पेटी उघडावी.

या दहा दिवसांत काम करायचे ते पेटीचे. माझा संशय मुख्यतः त्या नव्या चार फुटी पेटीवर आहे. पेटी मोठी असणे चांगलेच, पण ती मोकळी असेल तर छोट्या सापाला भर चौकात उभे केल्यासारखे होते. उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक अशा लपण्याच्या दोन जागा हव्यात, आणि त्या इतक्या अरुंद असाव्यात की वेटोळे घालून बसल्यावर त्याच्या अंगाला चारी बाजूंनी भिंत लागावी. मधल्या मोकळ्या जागेत झाडाची साल, फांद्या, कृत्रिम पाने अशी भरपूर गर्दी करावी, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला त्याला आडोशाआडून जाता येईल. काचेच्या तीन बाजूंना बाहेरून जाड कागद चिकटवावा. माझ्याकडचा एक नर असाच नव्या पेटीत सात आठवडे उपाशी राहिला होता. पुठ्ठ्याची एक साधी नळी, स्वयंपाकघरातल्या कागदी रुमालांची गुंडाळी संपल्यावर उरते ती, आत टाकल्यावर तो त्याच रात्री तिच्यात जाऊन बसला, आणि चौथ्या दिवशी नळीच्या तोंडाशी ठेवलेला उंदीर त्याने नळीतूनच ओढून घेतला. महागडी सजावट त्याच पेटीत होती, तिचा त्याला काही उपयोग झाला नव्हता.

दुसरी तपासणी उष्णतेची. तुमच्याकडे काचेवर चिकटवलेला गोल तबकडीचा तापमापक असेल तर तो काचेजवळच्या हवेचे तापमान सांगतो, साप ज्या जमिनीवर पोट टेकून बसतो तिचे नाही. तारेच्या टोकाला संवेदक असलेला डिजिटल तापमापक घेऊन ते टोक उबदार बाजूच्या लपण्याच्या जागेत, तळाशी ठेवावे. तेथे 29 ते 31 अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला 22 ते 24 अंश असावे. हीट मॅट (खालून ऊब देणारी विजेची चटई) किंवा दिवा काहीही असो, तो थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरावीक ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, वापरू नये, कारण ताबा नसलेल्या मॅटवर पोट भाजून घेतलेले साप पशुवैद्यांकडे नेहमी येतात. सापाला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही आणि पोटातले अन्न पचायला बाहेरची ऊब लागते. अंग गार असताना गिळलेला उंदीर पचण्याआधीच आत सडू लागतो. गारठलेला साप अन्न नाकारतो तेव्हा तो स्वतःचा जीव वाचवत असतो. नोव्हेंबरात रात्री घरातले हीटिंग बंद होते तेव्हा चार फुटी पेटी जुन्या छोट्या पेटीपेक्षा बरीच जास्त गार होत असणार, हेही ध्यानात घ्यावे.

ऋतूचाही यात वाटा असू शकतो. ही जात मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली, न्यू जर्सीपासून खाली फ्लोरिडापर्यंतची, आणि तिच्या उत्तरेकडच्या मुलखात हे साप थंडीचे महिने जमिनीखाली निपचित पडून काढतात. पेटीत जन्मलेल्या सापांनाही दिवस लहान होऊ लागल्याचे कळते, आणि काहींची भूक त्या काळात मंदावते. वजन टिकून असेल तर त्याची काळजी करू नये. त्याचप्रमाणे कात टाकायची वेळ आली असेल, म्हणजे डोळ्यांवर निळसर दुधाळ झाक आणि रंगावर मळकटपणा आला असेल, तर कात पूर्ण पडेपर्यंत उंदीर देऊच नये. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही, आणि धड न दिसल्यामुळे साप चिडचिडा होतो.

दहा दिवसांनी उंदीर द्यायचा तो असा. वजनाच्या दहा टक्क्यांच्या जवळपास, म्हणजे 10 ग्रॅमच्या आतला उंदीर निवडावा. बऱ्याच दिवसांच्या उपवासानंतर किंचित लहानच बरा. तो बंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीसकट हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. मायक्रोवेव्ह कधीही वापरू नये. त्याने उंदीर कुठे गार राहतो तर कुठे शिजतो, क्वचित फुटतोही. मधे गार राहिलेला उंदीर पुष्कळ साप टाकून देतात, म्हणून पोटाशी बोट लावून पाहावे. मग तो कोरडा पुसावा आणि त्याच्या डोक्याचा भाग आणखी अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवून घ्यावा. अजगराच्या ओठांवर असतात तशा उष्णता ओळखणाऱ्या खाचा कॉर्न स्नेकला नसतात; त्याचा भरवसा मुख्यतः वासावर आणि हालचालीवर असतो, पण ऊब दिली की उंदराचा वास सुटतो आणि तोच जिभेवाटे टाळूतल्या गंधेंद्रियापर्यंत पोहोचतो.

कॉर्न स्नेक संधिप्रकाशात आणि रात्री हिंडणारा प्राणी आहे, त्यामुळे खोलीतला दिवा मालवून, टीव्ही बंद करून, लांब चिमट्याने उंदीर लपण्याच्या जागेच्या तोंडाशी जमिनीलगत न्यावा. तो सापाच्या नाकाकडे ढकलत नेऊ नये. भक्ष्य कधी शिकाऱ्यावर चालून येत नाही. उलट तो हळूच त्याच्यापासून दूर सरकवावा. तुम्ही लिहिले आहे की साप मान मागे घेतो. मान मागे घेणे म्हणजे नकारच असे नाही. झेप घेण्याआधीही मानेचा तसाच बाक होतो. फरक जिभेत पाहावा. जीभ लांब, सावकाश आत-बाहेर होत असेल आणि डोके उंदराच्या मागे वळत असेल तर तो विचार करतो आहे, चिमटा स्थिर धरावा. डोके वेटोळ्याखाली खुपसले असेल किंवा शेपटीचे टोक थरथरत असेल तर तो घाबरला आहे. दोन-तीन मिनिटांत काही झाले नाही तर उंदीर तेथेच ठेवून खोलीबाहेर यावे आणि सकाळपर्यंत डोकावू नये. सकाळी तो तसाच असेल तर फेकून द्यावा, पुन्हा गोठवू नये, आणि पुढचा प्रयत्न सात दिवसांनीच करावा. खाल्लाच, तर पुढचे 48 तास त्याला हात लावू नये, मुलाला कितीही आनंद झाला तरी.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण दूध ठेवू नका. नागपंचमीच्या दिवसांत साप दूध पिताना दिसतात ते त्यांना आधी तहानलेले ठेवलेले असते म्हणून. दूध पचवण्याची सोय कोणत्याही सापाच्या पोटात नाही. पनीर, अंड्याचा बलक, कोंबडीचे तुकडे हेही पर्याय नव्हेत. अख्ख्या उंदरातून त्याला हाडांतले कॅल्शियम आणि यकृतातली जीवनसत्त्वे मिळतात, ती दुसऱ्या कशातून तशी भरून निघत नाहीत. शाकाहारी घरासाठी सोय इतकीच करता येते की उंदीर अपारदर्शक, घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवावेत, चिमटा आणि वाडगे स्वयंपाकघराबाहेर असावेत आणि दर वेळी साबणाने हात धुवावेत. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूच्या दृष्टीनेही हेच योग्य आहे.

तोंड उघडून उंदीर ढकलण्याचा प्रकार घरी मुळीच करू नका. त्यात दात तुटतात, घसा फाटतो, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि ज्या सापाला आधीच भीतीमुळे भूक नाही त्याला जेवण म्हणजे यातना हे पक्के शिकवले जाते. जिवंत उंदीर देण्याचा मोहही टाळावा. भुकेने न धावणाऱ्या सापाला कोपऱ्यात सापडलेला उंदीर चावतो आणि त्या जखमा वाईट चिघळतात.

वजनाखेरीज काही खुणा दिसल्या तर मात्र आठवडाभरही थांबू नये : नाकातोंडाशी बुडबुडे, तोंड उघडे टाकून घरघरत घेतलेला श्वास, हिरड्यांवर लाली किंवा पिवळट साका, पाण्याच्या वाडग्यात बुडालेले काळे बारीक किडे, आणि पाठीचा कणा वर आल्यामुळे त्रिकोणी दिसू लागलेले शरीर. सरपटणारे प्राणी पाहणारा पशुवैद्य आताच शोधून ठेवा, कारण कुत्र्या-मांजरांचे प्रत्येक डॉक्टर सापाला हात लावत नाहीत.

प्रश्न : मी नॉर्थ कॅरोलायनात राली येथे शिकतो. मित्राकडच्या अंड्यांतून निघालेले कॉर्न स्नेकचे पिल्लू मला मिळाले आहे. ते तीन आठवड्यांचे असून अजून एकदाही जेवलेले नाही. छोटे उंदीर म्हणजे डोळेही न उघडलेली गुलाबी पिल्ले आणली आहेत.
— एक विद्यार्थी, राली

उत्तर : अंड्यातून निघालेले पिल्लू पोटात उरलेल्या बलकावर काही दिवस काढते आणि पहिली कात साधारण आठवडा-दहा दिवसांत टाकते; त्याआधी ते जेवत नाही. तुमच्या पिल्लाची ती कात पडून गेली असणार, म्हणून आता प्रयत्न करणे रास्त आहे, मात्र पाच-सहा ग्रॅमच्या जिवाकडे मोठ्या सापाइतकी शिल्लक नसते.

हवेची छिद्रे पाडलेला हाताएवढा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाला ओलसर कागदी रुमाल चुरगाळून टाका, ऊब दिलेले उंदराचे पिल्लू आणि साप दोघांना रात्रभर त्यात अंधारात ठेवा. डबा गार पडणार नाही एवढे पाहा. बरीचशी पिल्ले एवढ्यावरच खातात. न खाल्ल्यास चार-पाच दिवसांनी पुढची युक्ती करावी : उंदराचे पिल्लू बिनवासाच्या साबणाने धुवून, भरपूर पाण्याने खळबळून द्यावे, कारण काही सापांना उंदराचा मूळ वासच नको असतो. तेही जमले नाही तर सरड्याचा वास लावावा. जंगलात ही पिल्ले उंदरांआधी लहान सरडे आणि झाडावरचे बेडूक खाऊन वाढतात, आणि तुमच्या राज्यातला हिरवा अ‍ॅनोल सरडा हे त्यांचे जुने खाद्य. कोणाकडे पाळलेला अ‍ॅनोल असेल तर त्याच्या अंगावरून ओला कापूस फिरवून तोच उंदराच्या नाकावर चोळावा, किंवा त्याची टाकलेली कात नाकाला चिकटवावी. अंगणातला सरडा पकडून खाऊ घालू नये, त्याच्या पोटातले जंत सापाच्या पोटात जातात. शेवटची युक्ती किळसवाणी आहे पण गुणकारी आहे : मेलेल्या पिल्लाच्या कवटीला सुईने छिद्र पाडून मेंदूचा थेंब बाहेर येऊ द्यावा. सहा आठवडे उलटूनही एकही घास गेला नाही तर अनुभवी पशुवैद्याकडे न्या. तोवर दर वेळी मधे चार-पाच दिवस जाऊ द्या.

प्रश्न : दोन महिन्यांच्या उपवासानंतर आमच्या सापाने अखेर खाल्ले, म्हणून आनंदाने मोठा उंदीर दिला. दुसऱ्या दिवशी त्याने तो अर्धवट पचलेला ओकून टाकला. आता लगेच पुन्हा द्यावे का?
— एक दांपत्य, फ्रँकफर्ट

उत्तर : देऊ नये. ओकताना पोटातले आम्ल आणि पाचक रसही बाहेर पडतात आणि अन्ननलिका पोळते, ती भरून येण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस फक्त स्वच्छ पाणी, ऊब आणि शांतता द्यावी. त्यानंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्यावा, तो पचून विष्ठा झाली की आणखी एक तेवढाच, आणि तीन-चार जेवणांनंतर हळूहळू पूर्ववत व्हावे. दुसऱ्यांदा ओकला, किंवा शरीराच्या मधल्या भागात टणक फुगवटा जाणवला, तर क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीची शंका घ्यावी लागते. ओकलेला ऐवज डब्यात बंद करून फ्रीजच्या वेगळ्या कोपऱ्यात ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. तुमच्याकडे दुसरे साप असतील तर तोवर त्यांचा चिमटा आणि पाण्याची भांडी याच्यापासून वेगळी ठेवा.