वडिलांचं युरिक ॲसिड ७.८ आलंय, घरी सगळे शाकाहारी. डाळ बंद करायची का?

डाळ राहू द्या. आधी वडिलांचे चहाचे कप मोजा.

तुम्ही लिहिलंय की वय ५४, मांसाहार नाही, दारू नाही, सांधे दुखत नाहीत, पोट मात्र सुटलंय. आणि शेजाऱ्यांनी तूरडाळ, पालक, टोमॅटो सगळंच बंद करायला सांगितलंय. मी आहारतज्ज्ञ आहे. असा रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांचं वरण बहुतेक वेळा आधीच बंद झालेलं असतं, चहातली साखर तेवढी जागच्या जागी!

साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोज थोडं आतड्यातच निपटतं, पण एकदम जास्त आलं की यकृताकडे जातं. तिथलं एन्झाइम त्याला भराभर फॉस्फेट जोडत सुटतं, त्याला लगाम नाही. त्यात पेशीतलं एटीपी, म्हणजे ऊर्जेचं चलन, खर्ची पडतं, त्यातून उरलेल्या एएमपीची मोडतोड होते आणि शेवटी तयार होतं युरिक ॲसिड. म्हणजे ताटात प्युरीन (अन्नातला, शरीरात युरिक ॲसिड बनवणारा घटक) नसलं तरी युरिक ॲसिड वाढू शकतं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते पुढे फोडणारं युरिकेज नावाचं एन्झाइम असतं, आपल्याकडे नाही.

शिवाय जास्तीच्या फ्रुक्टोजची यकृत चरबी करतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात, फॅटी लिव्हर होतं, इन्सुलिन चढं राहतं, आणि चढं इन्सुलिन मूत्रपिंडाला युरिक ॲसिड बाहेर टाकू देत नाही. सुटलेलं पोट आणि हा आकडा जोडीने दिसतात ते यामुळेच.

२००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ४६ हजारांवर पुरुषांचा १२ वर्षांचा अभ्यास आला. रोज दोन किंवा जास्त गोड शीतपेयं पिणाऱ्यांत गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजून दुखण्याचा, धोका ८५ टक्के जास्त निघाला. डाएट पेयांत तसं दिसलं नाही. प्युरीन असलेल्या भाज्यांनी गाउट वाढत नाही, हे तर २००४ मध्येच दिसलं होतं. मटण आणि मासे यांची गोष्ट वेगळी.

आता हिशेब. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. त्यावर 'उन्हाळा आहे' म्हणून उसाचा रस. गूळ घातलात तरी सुटका नाही, तोही बहुतांशी सुक्रोजच. अख्खं फळ खुशाल खाऊ द्या, ज्यूस नको.

पण यूट्यूबवर 'सगळ्या आजारांचं मूळ युरिक ॲसिड' असं सांगतात, ते मला पटत नाही. अ‍ॅलोप्युरिनॉल या युरिक ॲसिडच्या गोळीने आकडा उतरतो, पण २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याने मूत्रपिंडाची घसरण थांबली नाही. त्यामुळे त्रास काहीच नसताना नुसत्या ७.८ साठी गोळी मागू नका. गाउटचा झटका किंवा मुतखडा होऊन गेला असेल तर डॉक्टर ठरवतील, आणि चालू असलेली गोळी मनाने बंद करायची नाही.

एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) या तपासण्या करून घ्या, कंबर मोजा. चहातली साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. एकदम बिनसाखरेचा दिलात तर वडील कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन पितील.