वाचक विचारतात : कयाकवरचा साल्मन आणि खाडीतला रावस

मागच्या अंकात सहज लिहून गेलो की मेव्हण्याकडे सिएटलला गेलो होतो तेव्हा कयाकमधून (वल्हवायची छोटी अरुंद होडी) साल्मन पकडला, तर त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळी बाल्कनीतल्या कुंड्या आणि गुडघेदुखी दोन्ही पुढच्या अंकात. रागावू नका.

मुलगा सिएटलजवळ राहतो, ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिकडे जातोय. त्याने मासेमारीची कयाक घेतलीय आणि "बाबा, तुम्हाला साल्मन पकडायला नेतो" म्हणून मागे लागलाय. माझं वय ६१, पोहता येतं. पाणी एकदम शांत असतं, आपल्या खाडीसारखं, असं तो म्हणतो. बायको नको म्हणते. जाऊ का? — एक वाचक, ऐरोली

काका, जा. पण काकूंचं निम्मं म्हणणं बरोबर आहे, ते आधी ऐका.

तुमचा मुलगा ज्या पाण्याबद्दल बोलतोय ते बहुतेक प्युजेट साउंड. समुद्राचा आत शिरलेला फाटा, मधे बेटं, दोन्ही बाजूंना झाडी, त्यामुळे उघड्या समुद्रासारख्या लाटा नाहीत, सकाळी सहाला तर पाणी परातीतल्यासारखं. पण हे पाणी आपल्या खाडीसारखं अजिबात नाही, कारण ते गार आहे. ऑगस्टातसुद्धा १२-१३ अंश. आपण एसी १८ वर गेला तर पांघरूण ओढतो, आणि हे पाणी आहे, हवा नाही. तिकडचे जाणकार एक-दहा-एक असं सांगतात, कॅनडातल्या गॉर्डन गिसब्रेख्ट नावाच्या प्राध्यापकांनी हे लोकांपर्यंत नेलं. म्हणजे गार पाण्यात पडलात की पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं (नुसती धाप लागते आणि तेव्हाच माणसं पाणी गिळतात), मग १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. यात पोहता येण्याचा संबंध कुठे आला ते बघा. दहा मिनिटांनी बोटंच वळत नाहीत तर पोहणार काय. म्हणून कपडे हवेसाठी नाही, पाण्यासाठी घालायचे. वर ऊन असलं तरी ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न शिरू देणारा अंगभर पोशाख, आत गरम कपडे, त्यावर लाइफ जॅकेट, आणि ते अंगावर, सीटमागे बांधलेलं नाही. ड्रायसूट महाग असतो, मुलाने स्वतःसाठी घेतला असेल आणि तुम्हाला "बाबा, जॅकेट घाला चालेल" म्हणत असेल तर सरळ सांगा, भाड्याने आण, नाहीतर मी किनाऱ्यावरून फोटो काढतो.

आता मजेचा भाग. कयाकमधून साल्मन बहुतेक वेळा ट्रोलिंगने पकडतात, म्हणजे दोरा मागे सोडून हळूहळू वल्हवत राहायचं, आपल्या चालण्यापेक्षाही हळू, ताशी तीनेक किलोमीटर. दोऱ्याला आधी फ्लॅशर, म्हणजे चकचकीत लांबट पट्टी जी पाण्यात गरगर फिरते, तिच्यामागे गळाला लावलेला हेरिंग. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीची लांबची बहीण समजा. रॉड होल्डरमध्ये अडकवलेला असतो आणि त्याचं टोक फ्लॅशरच्या फिरकीबरोबर एका लयीत टुकटुक हलत असतं. ती लय बघत बसायचं, बाकी काही नाही. माझ्या वेळी तासभर टुकटुक चाललं होतं, मी चकली खात होतो, आणि एकदम लय तुटली, टोक पाण्यात गेलं, रीळ किंचाळायला लागलं. मी काय केलं असेल? वल्हं सोडून दोन्ही हातांनी रॉड धरला. वल्हं चाललं वाहत. तीनेक किलोचा मासा मला होडीसकट फिरवतोय, मेव्हणा दुसऱ्या कयाकमधून ओरडतोय आणि त्यानेच मग ते वल्हं आणून दिलं. तेव्हा वल्हं दोरीने होडीला बांधलेलं आहे का ते निघायच्या आधी बघा. आणि मासा जाळीत घेताना वाकून बघू नका, नाक होडीच्या काठाबाहेर गेलं की मागून आपणही जातो.

नियम कडक आहेत. लायसन्स पाहुण्यालाही लागतं, पकडलेला मासा कार्डावर नोंदवायचा, गळाला उलटा काटा नको. आणि मासा हातात आला की पाठीवर शेपटीकडचा जो छोटासा मांसल पर असतो तो बघायचा. हॅचरीत, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात, वाढवून सोडलेल्या पिल्लांचा तो पर आधीच कापलेला असतो. तो शाबूत असला तर मासा जंगली, आणि चिनुक किंवा कोहो (या साल्मनच्याच दोन जाती) असेल तर बऱ्याच भागात सोडून द्यावा लागतो, तोही पाण्यातच ठेवून, होडीत घेऊन फोटो बिटो नाही. माझा पहिला तसाच गेला. चिनुक कोणता आणि कोहो कोणता हे ओळखायचं तर जबडा उघडा, हिरड्या काळ्या तर चिनुक, पांढऱ्या तर कोहो. नियम भागाभागाप्रमाणे बदलतात, मधेच एखादा भाग बंदही करतात, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री मुलाला परत एकदा तपासायला लावा.

काकूंना सांगा की ड्रायसूटशिवाय जाणार नाही. हे लेखी दिलंत तर उत्तम.

हॉटेलात मेनूकार्डावर "इंडियन साल्मन" लिहितात आणि रावस देतात. ही फसवणूक आहे का? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

फसवणूक नाही, जुनं चुकीचं नाव आहे. ऑस्ट्रेलियातही रावसाच्या भावकीला थ्रेडफिन साल्मन म्हणतात. पण साल्मनचं आणि रावसाचं काही नातं नाही. पुढच्या वेळी कोळणीकडे अख्खा रावस दिसला की पुढच्या पराखाली बघा, चार सुटे दोरे लोंबत असतात, गढूळ पाण्यात तळ चाचपायला. तोंड नाकाच्या खाली आत दडलेलं, डोळ्यावर चरबीचा पारदर्शक पडदा. आणि एक गंमत, रावस आधी नर असतो आणि मोठा झाला की त्याची मादी होते. साल्मन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला परत नदीत शिरतो, पॅसिफिकमधले तर तिथेच मरतात. मॉलमध्ये केशरी तुकडे मिळतात ते बहुतेक शेतीतले, अटलांटिक साल्मन, रंग खाद्यातून येतो. चवीचं विचाराल तर मला रावस आवडतो, पण मी पक्षपाती आहे.

आम्ही तिघं मित्र, दोन सिट-ऑन-टॉप कयाक घेतल्यात. वाशीच्या बाजूने ठाणे खाडीत उतरून रावस पकडायचा विचार आहे. कुठली वेळ चांगली, कुठला लुअर (खोटं आमिष)? — एक वाचक, कोपरखैरणे

भावा, लुअरचं नंतर बघू. मला सांग, आज तिथी कुठली?

हसू नकोस. कोळीवाड्यातला कुठलाही म्हातारा अ‍ॅपशिवाय भरतीची वेळ सांगतो ती याच हिशोबाने. तिथीची पाऊणपट करायची. षष्ठी असेल तर साडेचार, म्हणजे साधारण साडेचारला भरती, पहाटे आणि संध्याकाळी. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. ढोबळ हिशोब आहे, आणि आत खाडीत पाणी अपोलो बंदरापेक्षा थोडं उशिराच चढतं, पण अंदाज चुकत नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, पाणी साडेचार मीटरपर्यंत चढतं-उतरतं आणि पुलांच्या खांबांपाशी असं ओढतं की वल्हवून काही होत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ओढ कमी. तुम्ही नवे आहात, भांगेलाच उतरा, तेही भरती चढत असताना, आणि पाणी वळायच्या आधी परत.

कारण ओहोटीला काय होतं ते मी भोगलंय. चार वर्षांपूर्वी ऐरोलीच्या बाजूला रमत गमत बसलो, पाणी कधी सरकलं कळलंच नाही, बघतो तर कयाक गाळावर. म्हटलं उतरून ढकलू. एक पाय टाकला तो मांडीपर्यंत आत, चप्पल अजून तिथेच असेल. कसाबसा परत होडीत चढलो आणि पुढचे पाच तास तिथेच, चारही बाजूंना काळा चिखल, त्यावर निवट्या उड्या मारतायत आणि माझ्याकडे डोळे वटारून बघतायत. ऊन डोक्यावर, पाण्याची बाटली अर्धी. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "मग आता काय करू, भरती पाठवू?"

तर पहिलं हे. दुसरं, ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यात पलीकडच्या काठाने फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ साली जाहीर झालंय आणि २०२२ पासून खाडी रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय, यादीतही आहे. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय कयाक घालायची नाही, मासेमारी तर नाहीच, आणि हिवाळ्यात पक्ष्यांच्या थव्याजवळ जाऊन त्यांना उडवायचं तर मुळीच नाही, व्हिडिओ कितीही छान येत असला तरी. तिवरांतून होडी ओढत नेऊ नका, जिथे कोळी लोकांची जेट्टी आहे तिथूनच उतरा, त्यांना विचारून. दिवाळे किंवा सारसोळेला जाऊन आधी एक चहा प्या, त्यांची जाळी कुठे लागतात ते समजून घ्या. कुणाच्या जाळ्यात तुमचा गळ अडकला आणि तुम्ही ते कापलंत तर नंतर जे होईल त्यात मी मधे पडणार नाही.

आता मासा. खरं सांगतो, आत वाशी-ऐरोलीकडे रावस मिळण्याची आशा कमी. तिथे बोय, शिंगाळा, नशीब असेल तर जिताडा. रावस हवा तर खाडीच्या तोंडाकडे, पण त्या बाजूला मोठी जहाजं आणि सुरक्षेची बंधनं, कयाकवाल्याचं ते काम नाही. धरमतरच्या बाजूला ओळखीच्या होडीवाल्याबरोबर जा, पावसाळा संपल्यावर, जिवंत कोळंबी गळाला लावून. जिताडाही त्याच आमिषाला येतो. आणि वरच्या खाडीत जे मिळेल ते सोडून द्या, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं काय काय पाणी त्यात आलंय ते तुम्ही कोपरखैरण्यात राहता, मी काय सांगू.

लुअर कुठलाही घ्या.

भाच्याने अमेरिकेतून फोटो पाठवला, साल्मनच्या पाठीवर चक्क उंटासारखं कुबड, जबडा वाकडा. आजारी मासा आहे का? — एक वाचक, नेरूळ

नाही ताई, लग्नाला निघालाय. पिंक साल्मनचा नर अंडी घालायच्या वेळी असा होतो, तिकडे त्याला हंपी म्हणतात. प्युजेट साउंडमध्ये हे विषम सालांतच मोठ्या संख्येने येतात, २०२३, २०२५ असे. इतकं कुबड आलेला मासा खायला मात्र बेचव, मांस पांढुरकं आणि मऊ पडतं. समुद्रात असतानाचा चंदेरी असेल तो घ्यायचा.

साल्मनचं कालवण होतं का? — एक वाचक, कोपरी

मी करून बघितलं, वाटण नेहमीचंच, ओलं खोबरं, कोकम, त्रिफळ. साल्मनला स्वतःचं तेल इतकं सुटतं की वर केशरी तवंग येतो आणि त्रिफळाचा वास कुठे हरवतो कळत नाही. मेव्हण्याने दोन वाट्या खाल्ल्या, पण तो तिकडे १४ वर्षं आहे, त्याचं काही धरू नका. रवा लावून तव्यावर मात्र छान होतो. तेल नेहमीच्या निम्मं घ्या आणि कातडीची बाजू आधी खाली.