तर आणि तरच
वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. मी बार्शी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. नोकरीचं हे चौथं वर्ष. दहावीला 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' (एखाद्या विषयावरचं मत आणि त्याच्या विरुद्ध मत) लिहावं लागतं, म्हणून नववीपासूनच सराव घेतो. गेल्या महिन्यात 'गृहपाठ बंद करावा का?' हा विषय दिला होता. ५४ वह्यांपैकी ३१ वह्यांत शेवटचं वाक्य एकच : प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात. मधला मजकूर गाईडातल्या 'मोबाइल : शाप की वरदान'मधला, 'मोबाइल'च्या जागी 'गृहपाठ' घातलेला. मुलांनी स्वतःचं मत मांडावं, त्याला कारण द्यावं, एवढीच माझी इच्छा आहे. पण निम्म्या वर्गाला इंग्रजीत सलग तीन वाक्यं लिहिता येत नाहीत. अशा वर्गाला तर्क कसा शिकवू? आधी इंग्रजी की आधी तर्क? (एक शिक्षक, बार्शी)

उत्तर : सर, आधी तर्क. आणि तो मराठीत. कराडजवळच्या एका शाळेत २९ वर्षं इंग्रजी शिकवून मी हे सांगते आहे. इंग्रजीच्या तासाला मराठी बोललात म्हणून कुणी बोट ठेवलं, तर खुशाल माझं नाव सांगा. तुमच्या मुलांना तर्क येतो. तो त्यांच्या मराठीत आहे, आणि तिथून तो इंग्रजीत आणणं हे आपलं काम आहे.

उद्याच्या तासाला एवढंच करून बघा. फळ्यावर दोन वाक्यं लिहा. एका घरी आई म्हणते, 'पास झालास तर सायकल घेऊ.' शेजारच्या घरी आई म्हणते, 'पास झालास तरच सायकल घेऊ.' दोन्ही पोरं नापास झाली. सायकलची आशा अजून कुणाला आहे? मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा सांगतो, पहिल्याला. मग विचारा, दोघंही पास झाले तर दुसऱ्याला सायकल नक्की मिळणार का? इथे वर्गात दोन तट पडतात. कुणी म्हणतं, आईनं शब्द दिलाय. कुणी म्हणतं, तिनं अट घातलीय, शब्द कुठे दिलाय? वाद रंगू द्या, घंटा झाली तरी चालेल. दुसऱ्या दिवशी त्या दोन वाक्यांखाली 'इफ' आणि 'ओन्ली इफ' लिहा. व्याकरणाच्या पुस्तकातून जे आठवडाभर समजत नाही, ते एका 'च'नं समजतं.

या 'च'वर मी दोन तास खर्च करत असे. रमेशनेच आंबा खाल्ला. रमेशने आंबाच खाल्ला. रमेशने आंबा खाल्लाच. पहिल्या दोन वाक्यांत इंग्रजीतलं 'ओन्ली' कुठे बसवायचं ते मुलं शोधतात आणि जागा बदलली की अर्थ बदलतो हे त्यांना आपोआप कळतं. तिसऱ्या वाक्याला 'ओन्ली' चालत नाही, तिथे 'च' हट्टाचा आहे, हे मला एका मुलीनं सांगितलं होतं. मी ते शिकवलं नव्हतं.

असंच 'ऑल' आणि 'नॉट'चं. 'ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड' ही म्हण आपण पाठ करून घेतो. शब्दशः वाचली तर तिचा अर्थ 'चकाकणारं काहीच सोनं नसतं' असाही निघेल, आणि मग खरं सोनंही बाद! मराठीत आपण 'चकाकतं ते सगळंच सोनं नसतं' म्हणतो, तिथे घोटाळा होत नाही. 'सगळेच आले नाहीत' आणि 'कुणीच आलं नाही' यांतला फरक ज्या मुलाला बोलताना कळतो, त्याला 'नॉट ऑल' आणि 'नन' यांतला फरक शिकवावा लागत नाही, नुसता दाखवावा लागतो.

इथे एक प्रयोग सांगते. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एक कोडं मांडलं. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. वर दिसतात : ए, के, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला गेलाय का हे तपासायला कोणते पत्ते उलटावेच लागतील? बहुतेक मोठी माणसंसुद्धा ए आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर ए आणि ७. चारच्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही, साताच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. माझ्या नववीत हे दोघांनाच जमलं. मग मी नियम बदलला : गिअरची मोटरसायकल चालवायची असेल, तर वय १८ पूर्ण हवं. चौघं जण आहेत. एक मोटरसायकलवर आहे, एक पायी चाललाय, एक वीस वर्षांचा आहे, एक सोळाचा. पोलिसांनी कुणाकुणाला थांबवायचं? सगळा वर्ग एका सुरात ओरडला : गाडीवाल्याला आणि सोळावाल्याला! अमेरिकेत दोघा संशोधकांनी १९८२ मध्ये दारू पिण्याच्या वयाचा नियम घेऊन हेच दाखवलं होतं. कोड्याचा सांगाडा तोच, पण नियम मोडणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला की मुलांचं डोकं चालतं. म्हणून सर, 'गृहपाठ बंद करावा का?' हा विषय मला पटला नाही. तो कुणाचाच नाही. त्यावर गाईडातलं उत्तर येणारच.

विषय शाळेच्या दारातला घ्या. निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमच्या नववीनं ठरवलं, शाळा साडेदहाऐवजी अकराला भरावी. कारण काय, तर वाड्यांवरची मुलं एसटीनं येतात, एसटी उशिरा येते आणि लेट मार्क लागतो. सगळ्यांना पटलं. मी फळ्यावर दोनच प्रश्न लिहिले होते, वर्षभर ते पुसू दिले नाहीत. पहिला, 'कशावरून?' दुसरा, 'त्याचा याच्याशी काय संबंध?' पहिल्यानं पुरावा मागायचा. दुसऱ्यानं पुरावा आणि मत यांना जोडणारा धागा मागायचा. हा दुसरा प्रश्न मुलं विचारत नाहीत, मोठी माणसंही विचारत नाहीत, आणि खोट बहुतेक वेळा तिथेच असते.

एका मुलीनं पहिला प्रश्न उचलला. 'बाई, उशिरा येणारे सगळे एसटीचेच, कशावरून?' कुणालाच सांगता येईना. मग दोघींनी दोन आठवडे फाटकाशी उभं राहून नोंद ठेवली. उशिरा आलेली मुलं १९, त्यांतली एसटीची सात. बाकीची बारा गावातलीच. वर्ग एकदम गप्प झाला. ज्या पोरानं विषय काढला होता त्याचं तोंड उतरलं. मी त्याला म्हटलं, आता तू काय मागशील? एक दिवस विचार करून तो आला : वेळ बदलू नका, एसटीच्या मुलांचा लेट मार्क तेवढा माफ करा. एक मुलगी म्हणाली, वेळ बदलली असती तर शाळा उशिरा सुटली असती आणि डिसेंबरात आम्हाला अंधारात वाडीवर जावं लागलं असतं. झाली की नाही सर, व्ह्यू आणि काउंटरव्ह्यू! तो पुस्तकातून आला नाही, फाटकापाशी उभं राहिल्यानं आला.

यानंतर इंग्रजी. मुख्याध्यापकांना अर्ज इंग्रजीत लिहायचा होता. मी शब्द मोजकेच दिले : बिकॉज, सो, बट, इफ, अनलेस, ऑल, मोस्ट, सम, ओन्ली, मे, मस्ट. 'ऑल' लिहायचं की 'सम', यावर ती मुलं भांडली, कारण सात आणि बारा हे आकडे त्यांचे होते. ज्यांना तीन वाक्यं जमत नव्हती त्यांनी चार लिहिली. त्यांत चुका होत्या, त्या मी पहिल्या खेपेला काढल्या नाहीत. तुम्हीही काढू नका. पहिल्या वाचनात लाल पेन बाजूला ठेवा, समासात पेन्सिलीनं फक्त 'क?' किंवा 'सं?' लिहा, म्हणजे कशावरून आणि संबंध काय. मुलानं त्याची उत्तरं लिहून वही परत आणली की मग क्रियापदं दुरुस्त करा. ५४ वह्या एकदम घेऊ नका, अर्धा वर्ग या आठवड्यात, अर्धा पुढच्या.

लांब युक्तिवादासाठी मी जोतीराव फुल्यांच्या 'विद्येविना मती गेली'पासून सुरू होणाऱ्या, १८८३ च्या ओळी घेत असे. मुलांना त्या तोंडपाठ असतात, पण ती कार्यकारणाची साखळी आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. विद्या, मती, नीती, गती, वित्त. प्रत्येक कडीला विचारायचं, कशावरून? विद्या नसल्यानं वित्त कसं जातं, याला इतिहासाच्या तासाचा पुरावा जोडता येतो. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याचा अंगठा सावकाराच्या कागदावर, आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी जाळलेली तीच कर्जखतं. मग मुलांची नेहमीची साखळी शेजारी लिहायची : मोबाइल दिला की गेम, गेम आला की अभ्यास बुडाला, अभ्यास बुडाला की नापास, नापास झाला की आयुष्य वाया. इथेही प्रत्येक कडीला तोच प्रश्न. 'होतंच का?' असं विचारलं की ही साखळी दुसऱ्या कडीलाच तुटते. आणि तुटली की 'विल'च्या जागी 'मे' का लिहायचं, हे मुलांना कळतं.

परीक्षेची काळजी करू नका. ज्याला एक खरं कारण नीट लिहिता येतं, त्याला उत्तराचा साचा दोन दिवसांत शिकवता येतो. उलट मात्र होत नाही.

प्रश्न : मी शिकवणी घेते. तर्कातल्या चुकांची इंग्रजी-लॅटिन नावं असलेला तक्ता भिंतीवर लावला आहे. मुलं नावं पाठ करतात, पण दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक ओळखत नाहीत. (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, तक्ता काढून ठेवा, म्हणी घ्या. आपल्या आज्यांनी या चुकांना केव्हाच नावं ठेवली आहेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्यानं फांदी मोडली असं होत नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बाबा वाक्यं प्रमाणम्. यांतली एकही नव्यानं समजावून सांगावी लागत नाही.

'शितावरून भाताची परीक्षा' हिला मात्र जास्त वेळ द्या, कारण ती चूकही आहे आणि बरोबरही. मुलांना विचारा, एक शीत दाबून सगळा भात शिजला हे कसं कळतं? घरी भात लावणाऱ्या मुली सांगतात : एकच तांदूळ, एकच पातेलं, एकच आच, म्हणून. मग पुढचा प्रश्न : आपल्या गल्लीतल्या दोन मुलांवरून सगळ्या गावातल्या मुलांबद्दल बोलता येईल का? गावाला एकच आच लागलेली असते का? आणि पातेलं मोठं असलं, तळाशी लागलं आणि वर कच्चं राहिलं, तर शीत कुठून उचलायचं? एवढं बोलून झालं की मग हवं तर इंग्रजी नाव सांगा. तेव्हा ते लक्षात राहील.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. शाळेत वादविवाद शिकवायला लागल्यापासून घरी प्रत्येक गोष्टीवर 'कशावरून?' विचारते. आजोबांनाही सोडत नाही. हे असंच चालू द्यायचं का? (एक आई, पुणे)

उत्तर : 'कशावरून?' विचारणाऱ्या मुलीला गप्प करू नका, एवढी विनंती आधी करते. पण तुमची तक्रारही मला समजते. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते शोधायला होतो तो वाद. काही करून जिंकायला होतो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडत राहणं ही वितंडा, आपण वितंडवाद म्हणतो ती हीच. मुलीला हे तिन्ही शब्द सांगा आणि आजोबांशी काल झालेलं बोलणं यांतलं कोणतं होतं, ते तिलाच ठरवू द्या.

मग घरात एक रीत पाडा. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. आजोबा म्हणाले, रात्री नऊनंतर मोबाइल नको. तर तिनं आधी सांगायचं, 'आजोबा, तुमचं म्हणणं असं आहे की...' आणि आजोबांनी 'हो, हेच' म्हटल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. हाच नियम आजोबांनाही, आणि तुम्हालाही. तिला दहा वाजेपर्यंत मोबाइल का हवा आहे, हे तिच्या तोंडून ऐकून तुमच्या शब्दांत तिला सांगा, आणि ती 'हो' म्हणेपर्यंत थांबा.