नेमके काय पाहिले?

अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांविषयी आणि मालिकांविषयी आपले मत कळवा, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांत मतांपेक्षा प्रश्नच अधिक निघाले, आणि बहुतेक प्रश्नांच्या तळाशी एकच शंका होती : मला जे वाटले ते बरोबर आहे का? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ज्यांनी हे चित्रपट अद्याप पाहिलेले नाहीत त्यांचा विचार करून शेवट कुठेही उघड केलेला नाही.

प्रश्न : ‘साबर बोंडं’ आम्ही उभयतांनी पाहिला. परदेशात मोठे पारितोषिक मिळाले म्हणून उत्सुकतेने गेलो, परंतु चित्रपट फारच संथ वाटला. सगळीकडे स्तुती चाललेली असताना ‘कंटाळा आला’ असे म्हणणे म्हणजे आपली समज तोकडी असल्याची कबुली देण्यासारखे होईल का?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : मुळीच नाही. कंटाळा आला हे प्रामाणिक मत आहे, आणि २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले म्हणून ते खोटे ठरत नाही. मात्र हा कंटाळा नेमका कोणत्या ठिकाणी आला, हे एकदा आठवून पाहावे अशी माझी विनंती आहे.

दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे यांनी कॅमेरा बहुतेक वेळा दूर आणि स्थिर ठेवला आहे. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे आता गहिवरायचे की हसायचे हे कोणी आपल्याला सुचवत नाही. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याची आई सुमन यांच्याबरोबर आपणही त्या घरात बसून राहतो. सुतकातल्या घरी ज्याने दहा दिवस काढले आहेत त्याला ठाऊक आहे की तिथे वेळ खरोखरच असा जातो. माणसे येतात, टेकतात, शेवटचे काय झाले ते पुन्हा विचारतात, चहा घेऊन उठतात, आणि उठता उठता घरातल्या अविवाहित मुलाच्या लग्नाचा विषय काढतात. आनंदला लग्न का करायचे नाही हे भावकीला ठाऊक नाही. आईला मात्र ठाऊक आहे, आणि जयश्री जगताप यांनी ही आई अशी उभी केली आहे की तिला एकही भाषण करावे लागत नाही. बालपणीचा मित्र बाळ्या आनंदसाठी साबराची बोंडे घेऊन येतो, तो प्रसंग मला पुन्हा पुन्हा आठवतो. निवडुंगाचे ते फळ बाहेरून बारीक कुसळांनी भरलेले असते, आत लालभडक गोड गर असतो, आणि ते दुसऱ्याला खायला द्यायचे तर आधी आपल्या बोटांत कुसळे घुसण्याची तयारी ठेवावी लागते. दोन पुरुषांमधले प्रेम या एका फळातून सांगितले आहे, आणि त्यासाठी घाई करून चालले नसते.

नातेवाइकांचे तेच ते प्रश्न एखाद्या वेळी कमी चालले असते, असे मलाही वाटले. आपल्याला कंटाळा त्या जागी आला असेल तर आपले आणि माझे मत जुळते. बाळ्या आणि आनंद शेताकडे जातात त्या प्रसंगांत आला असेल, तर ते भाग पुन्हा एकदा घरी शांतपणे पाहावेत, असे सुचवेन.

प्रश्न : माझे आजोबा दशावतारी कंपनीत पायपेटी (पायाने भाता चालवून वाजवायची पेटी) वाजवीत असत. ‘दशावतार’ पाहताना दिलीप प्रभावळकरांमुळे डोळे भरून आले, पण आमच्या जत्रेतला दशावतार काही पडद्यावर दिसला नाही. तसे बोलून दाखवले तेव्हा मुंबईचे नातेवाईक म्हणाले की मी उगाच खुसपट काढतो आहे. आपल्याला काय वाटते?
(एक वाचक, कुडाळ)

उत्तर : हे खुसपट नव्हे. ज्याने ती कला घरात पाहिली आहे त्याने बोललेच पाहिजे, कारण इतरांना जे दिसणार नाही ते आपल्यालाच दिसणार आहे.

आधी चित्रपटाच्या बाजूने बोलतो. सुबोध खानोलकर यांचा हा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा प्रभावळकरांनी वयाची ८१ वर्षे पूर्ण केली होती. सत्तरच्या दशकात दूरदर्शनवर त्यांचा चिमणराव पाहिलेली माझ्या पिढीची माणसे केवळ त्यांच्यासाठी चित्रपटगृहात गेली, आणि त्यांनी कोणालाही निराश केले नाही. दृष्टी अधू होत चाललेला, तरीही वेषाची ओढ न सुटलेला दशावतारी नट बाबुली मेस्त्री त्यांनी खांदे, मान आणि हाताची बोटे यांतून उभा केला आहे. बाप आणि मुलगा एकमेकांची काळजी करतात आणि त्याच काळजीपोटी एकमेकांवर रागावतात, तो पूर्वार्ध मला अतिशय आवडला. उत्तरार्धात कथा सूडाकडे वळते, संगीत चढत जाते आणि दृश्यांची भव्यता नटाच्या चेहऱ्यावर मात करू लागते; तिथे माझे मन थोडे मागे राहिले.

आता आपल्या तक्रारीकडे येतो. कार्तिकानंतर सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या पेडणे भागात जत्रा सुरू होतात, तेव्हाचा दशावतार ज्यांनी पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. नट आपला चेहरा आपणच रंगवतो. देवळाच्या आडोशाला पेटारा उघडून, हातात लहानसा आरसा धरून, तो तासाभरात गवंड्याचा किंवा शेतकऱ्याचा राजा होतो, किंवा नऊवारी नेसून राणी होतो, कारण स्त्रीभूमिकाही परंपरेने पुरुषच करतात. रंगमंचावर एक लाकडी बाक असतो आणि तोच सिंहासन, रथ, पलंग, डोंगर असे सर्व काही होतो. सुरुवातीला आड दशावतार होतो, त्यात गणपती आणि रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि ज्याची पोरे जीव मुठीत धरून वाट पाहतात तो संकासुर येतो. त्यानंतर पुराणातले आख्यान लागते. त्याची संहिता लिहिलेली नसते. कोणते आख्यान लावायचे आणि कोणी काय व्हायचे एवढे ठरते, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो, पायपेटी, मृदंग आणि झांज त्याला सांभाळून घेतात. पहाटे दहीकाला होतो आणि रात्र संपते. म्हणूनच तर आपल्याकडे त्याला धयकालो म्हणतात.

या कलेच्या नावात दहा अवतार असले तरी जत्रेत ते दहाही अवतार क्रमाने दाखवत नाहीत. चित्रपटाने मात्र नावातले अवतार उचलले आणि उत्तरार्धाची मांडणी त्यांच्यावर केली. व्यावसायिक चित्रपटाला ते सोयीचे होते आणि त्यात मला अपराध दिसत नाही. पण आपण ज्याची वाट पाहत होता तो उभ्या उभ्या रचलेला संवाद, तो रिकामा बाक, पहाटेच्या गारठ्यात घसा बसलेला नट आणि त्याला सूर देणारी आपल्या आजोबांची पायपेटी हे सगळे मागे राहिले, हे आपले निरीक्षण अचूक आहे. नातेवाइकांना एवढेच सांगावे की चित्रपट आवडला, आणि तरीही ही एक गोष्ट त्यात हवी होती. दोन्ही वाक्ये एकाच माणसाची असू शकतात. शक्य झाल्यास त्यांना येत्या जत्रेला गावी बोलावून रात्रभर बसवावे.

प्रश्न : माझी आई संध्याकाळी सात ते दहा मालिका पाहते. एका मालिकेत गेले तीन आठवडे एकच हळदीकुंकवाचा समारंभ चालू आहे. मी यावर बोललो की घरात भांडण होते. या मालिका इतक्या का ताणतात, आणि आईला हे कळत कसे नाही?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर सरळ हिशोबाचे आहे. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वगळल्या की साधारण २२ मिनिटे उरतात. आठवड्याला सहा भाग धरले तर १३२ मिनिटे होतात, म्हणजे मालिकेची मंडळी दर आठवड्याला एका चित्रपटाएवढे चित्रीकरण उरकत असतात, तेही वर्षानुवर्षे. शिवाय दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि ज्या वळणावर आकडा चढला ते वळण सोडवत नाही. मग कोणी एक वाक्य बोलले की जमलेल्या आठही जणांचे चेहरे एकामागून एक दाखवले जातात, त्याच ठेक्यावर, आणि दोन मिनिटे निघून जातात. या दबावातही चांगले काम होते हे सांगायला हवे. २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षे चाललेली ‘आई कुठे काय करते’ ही मालिका मूळ बंगालीवरून घेतलेली होती आणि पुढे तीही ताणली गेली, तरी तिची नायिका अरुंधती हिच्या पहिल्या काही महिन्यांनी घराघरांत जे बोलणे सुरू केले ते अनेक चित्रपटांना जमलेले नाही.

दुसऱ्या भागाविषयी मात्र मी आपल्याशी सहमत नाही. आईला सगळे कळते. ती ताणलेला भाग पाहताना भाजी निवडते आणि महत्त्वाचे वाक्य आले की मान वर करते. एकदा तिच्याशेजारी बसून कोणता नट चांगले काम करतो आहे असे विचारून पाहावे. नटांची पारख तीस वर्षे रोज पाहणाऱ्या माणसाला असते.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळात ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ पाहिल्यावर वाद झाला. चित्रपट मुख्यतः मल्याळम आणि हिंदी, नायिका केरळच्या परिचारिका. मग मराठी प्रेक्षकाने तो आपला म्हणावा का?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : पायल कपाडिया यांच्या या चित्रपटाला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री हा सन्मान मिळाला, आणि ३० वर्षांनी भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत पोहोचला. पण तो आपला वाटावा याचे कारण मला छाया कदम यांच्या पार्वतीत दिसते. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’पासून आपण त्यांना ओळखतो. इथे त्या रुग्णालयात स्वयंपाक करणारी विधवा बाई आहेत. वर्षानुवर्षे ज्या घरात राहिली ते घर बिल्डर पाडायला निघाला आहे, आणि तिच्याजवळ दाखवायला एकही कागद नाही. एका रात्री ती आणि परिचारिका प्रभा, उंच इमारतीची जाहिरात करणाऱ्या फलकावर दगड मारतात. तेवढाच त्यांचा निषेध, आणि नंतर दोघी हसत सुटतात. त्या हसण्यात छाया कदम यांच्या चेहऱ्यावर क्षणभर शाळकरी मुलगी दिसते.

पुढे पार्वती मुंबई सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते. मराठी प्रेक्षकाने इथे सावध होऊन पाहावे. कोकणातल्या कित्येक घरांतला एक तरी माणूस गिरणगावात गेला, तिथल्या खोल्यांत राहिला, १९८२ चा गिरणी कामगारांचा संप त्याने सोसला, आणि नंतर त्याच गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. दोन पिढ्यांपूर्वी ज्या वाटेने माणसे मुंबईला आली त्याच वाटेने पार्वती उलटी जाते. दिग्दर्शिकेने हा इतिहास कोणाच्या तोंडून वदवून घेतलेला नाही. फक्त सामान उचलताना तिच्याबरोबर दोघी मैत्रिणी आहेत एवढे दाखवले आहे. चित्रपटाची भाषा कोणती यावर वाद घालण्यापेक्षा, आपल्या मंडळातल्या कोणाच्या आजोबांची खोली लालबाग-परळला होती आणि तिचे पुढे काय झाले, हे पुढच्या बैठकीत विचारावे. परदेशी असलेल्या नवऱ्याकडून आलेला भात शिजवायचा कुकर प्रभा रात्री एकटीच जमिनीवर बसून उराशी धरते, त्या दृश्याबद्दल तर न्यू जर्सीत बसलेल्या वाचकांनी मला समजावून सांगावे, इतके ते त्यांच्या अनुभवाजवळचे आहे.

प्रश्न : ‘अ‍ॅडोलसन्स’ ही इंग्रजी मालिका तेरा वर्षांच्या मुलाबरोबर पाहावी का?
(एक पालक, लातूर)

उत्तर : आधी आपण एकट्याने पाहावी. वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या आरोपावरून पकडलेल्या तेरा वर्षांच्या मुलाची ही गोष्ट आहे, भाषा खरखरीत आहे, आणि मुलाच्या मनाची तयारी किती आहे हे आपल्यालाच ठाऊक. चारही भाग न तोडता, एकेका सलग चित्रणात घेतलेले आहेत, त्यामुळे पाहणाऱ्याला मध्ये श्वास घ्यायला जागा मिळत नाही.

दाखवायचे ठरवलेत तर सगळे भाग एका रात्रीत पाहू नयेत. तिसऱ्या भागात तो मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ बाई जवळजवळ सगळा वेळ एका खोलीत समोरासमोर बसलेले आहेत. बाईंनी त्याच्यासाठी गरम चॉकलेट आणि अर्धे सँडविच आणलेले असते. मुलाला बाहेर नेल्यावर ते उष्टे सँडविच टेबलावर तसेच राहते, आणि त्याला हात लावताना बाईंचे काय होते, तेवढे पाहून टीव्ही बंद करावा. मग मुलाला मालिका आवडली का असे न विचारता, बाईंनी हात मागे का घेतला, एवढेच विचारावे.